आठ आणि आठचा लसावि

पेन्सिल टेबलावरून घरंगळली आणि टक्कन फरशीवर पडली. मी श्वास रोखला. माझ्या लेकीने, ठकीने, कूस बदलली, झोपेतच ओठ मुडपले आणि पुन्हा गाढ झोपली. तिची दुपारची झोप म्हणजे सुट्टीच्या दिवशीचा माझा एकमेव हक्काचा तास. आणि तो मी चक्क गणितं करण्यात घालवत होते.

काल लाँड्रीत आमच्या सुपरवायझर बाईंनी आम्हा सगळ्यांना गोळा केलं. लाँड्री इस्पितळाची, त्यामुळे चादरींना खंड नाही. आजवर मला दर मंगळवारी सुट्टी असायची. पुढच्या महिन्यापासून मात्र सहा दिवस काम आणि दोन दिवस सुट्टी, मग वार कुठलाही येवो. आमचे चार गट पाडलेत, एकाची सुट्टी संपली की दुसऱ्याची सुरू.

"तुझी तर लॉटरीच लागली गं," बाई मला म्हणाल्या. "नवऱ्याचंही असंच आहे ना?"

असंच आहे. तो गावाबाहेरच्या पंपहाऊसवर ऑपरेटर आहे. सहा दिवस तिथेच राहतो, दोन दिवस घरी येतो.

"आता दोघं एकदम घरी! वर्षभरात पेढे मागायला येते बघ," इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या. सगळ्या चादरींच्या आडून खिदळल्या. मीही हसले. घरी येईपर्यंत हसतच होते.

आज कॅलेंडर घेऊन बसले. मी तिसऱ्या गटात. त्याची सुट्टी संपली की दोन दिवसांनी माझी सुरू. म्हटलं, ठीक आहे, पहिल्या फेरीत नाही जुळली तर पुढे जुळेल. आत्ताही तसंच होतं. मंगळवार त्याच्या सुट्टीकडे हळूहळू सरकत येतो, आठ आठवड्यांत दोन मंगळवार आम्ही तिघं एकत्र असतो, आणि मग पुन्हा कोरडं.

पण इथे काही सरकेचना. दुसऱ्या फेरीत दोन दिवसांचं अंतर. तिसऱ्या फेरीत तेवढंच.

आणि मला एकदम लसावि आठवला. शाळेत लसावि आणि मसावि मला कुणाच्या तरी जावा वाटायच्या, एकीला हाक मारली की दुसरीच पुढे यायची. सात आणि आठचा लसावि छप्पन्न, म्हणून छप्पन्न दिवसांत कुठेतरी गाठ पडायची. आठ आणि आठचा लसावि आठच. पहिल्या आठ दिवसांत जे जुळलं नाही, ते जन्मात जुळणार नाही.

पहिल्या गटाची सुट्टी मात्र नेमकी त्याच्याच दिवसांत येत होती. मी बाईंना फोन लावला. "बाई, मला पहिल्या गटात घ्याल का?"

"आता गं काय? दोघांचं सारखंच तर आहे!"

"सारखं आहे म्हणूनच, बाई."

बाईंना ते पटलं की नाही कोण जाणे, पण म्हणाल्या, "उद्या सकाळी पक्कं सांग. तक्ता भिंतीवर लागला की मग मी ऐकायची नाही."

संध्याकाळी तो आला. चहाचा कप हातात घेऊन त्याने माझ्या खुणा केलेलं कॅलेंडर उभं धरलं, आडवं धरलं. मी समजावलं. तो एकेका खुणेवरून बोट फिरवत गेला.

"थांब हं," तो म्हणाला. "तू तिसऱ्यातच राहिलीस तर दोन दिवस मी घरी, आणि पुढे दोन दिवस तू. म्हणजे आठातले चार दिवस ठकीपाशी कुणीतरी आहे."

"हो."

"आणि पहिल्यात गेलीस तर?"

"दोनच. पण दोघं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुपारभर मी फक्त गाठ कुठे पडते तेवढंच शोधत बसले होते. आणि ठकी शाळेतून सुटली की शेजारच्या काकूंकडे असते. काकू जीव लावतात तिला. पण परवा त्यांनी सहज सांगितलं, ती बूट काढतच नाही. 'आई येईलच आता,' म्हणते आणि तशीच पलंगाच्या कडेवर बसून राहते.

मी ते त्याला सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

"चार," तो म्हणाला.

"चारच," मी म्हणाले.

"आपलं काय गं, आपण कुठे पळून चाललोय?"

"तू पळतोस की, दर आठ दिवसांनी."

तो हसला. मग उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. एवढ्यात ठकी पळत आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये घुसली. मी तिला मांडीवर घेतलं आणि तिची बोटं एकेक करून उघडली. ही दोन बाबांची. ही दोन मधली, काकूंकडची. ही दोन माझी.

"अख्खा दिवस?"

"अख्खा दिवस."

"बूट घालायचेच नाहीत?"

"शाळेतून आलीस की लगेच काढायचे."

ती खूश झाली. बाबांची बोटं हलवून बघितली, मग माझी. ती एकमेकांना टेकवायचा प्रयत्न केला, पण मधली दोन आड येत होती. जरा वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"आई," तिने विचारलं, "मग तू आणि बाबा कधी खेळणार?"