अकरा मिनिटं अडवलेली चाल

मित्रांनो, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला आणि वायर तिरकी धरल्याशिवाय चार्ज न होणारा मी एक जुना टॅब आहे. पडेगावातल्या एका घरी राहतो.

शाळा बंद होत्या तेव्हा सार्थकच्या अभ्यासासाठी मला आणलं. मऊ कापडात गुंडाळून ठेवायचे मला! शाळा उघडल्या आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. तिथून मला खाली काढलं ते सार्थकच्या मालनआत्यानं, कीर्तनं ऐकायला. माझ्यातून टाळ-मृदंग वाजू लागले की मी माझा तडा विसरायचो. मग सार्थकही माझ्यावर बुद्धिबळ खेळू लागला. वाटणी ठरली: चारपर्यंत सार्थक, चारनंतर आत्या.

त्या रविवारी आत्याच्या लेकीचं, दीपमालाचं, आयुष्यातलं पहिलं कीर्तन होतं. फुलंब्रीहून चार वाजता ते थेट दिसणार होतं. आत्याचा पाय प्लॅस्टरमध्ये, म्हणून तिला जाता आलं नव्हतं. ती पावणेचारपासूनच टाळ मांडीवर घेऊन बसली होती.

सार्थकचा डाव फर्दापूरच्या जावेदशी ऑनलाइन चालला होता. सार्थकचा वजीर गेला होता, मात समोर दिसत होती. डावाच्या घड्याळात मात्र सार्थकची अकरा मिनिटं शिल्लक होती. त्यानं मला खाटेवर पालथं घातलं.

"झाला का डाव?" आत्यानं विचारलं.

"नाय. चाल माझी हाय, पण मी चालणारच नाय. कंटाळून तोच निघून जाईल. मग मी जिंकलो."

तेवढ्यात माझ्यावर जावेदचा निरोप उमटला, 'भाई, चल ना. अब्बूंना मोबाइल द्यायचाय.' मी पालथा. वाचणार कोण?

"आरं, चार वाजले."

"नंतर पण बघता येतं की, आत्या."

"नंतर बघणं म्हंजे लगीन लागल्यावर अक्षता टाकणं, बाबा."

एवढंच बोलली ती. मला हिसकावून घेतलं नाही.

जावेद काही गेला नाही. सार्थकची अकरा मिनिटं संपली आणि तो हरलाच. घाईघाईनं त्यानं कीर्तन लावलं, तेव्हा नमन होऊन दीपमाला अभंगावर आली होती.

कीर्तन आटोपल्यावर आत्याच्या बटणांच्या फोनवर दीपमालाचा फोन आला. "आई, पहिलं नमन तुलाच केलं. ऐकलंस ना?"

आत्यानं सार्थककडं पाहिलं. सार्थकनं फोन मागून घेतला.

"ताई, तिला नाय ऐकता आलं. मी हरत होतो, म्हणून टॅब अडवून बसलो."

पलीकडून दीपमालानं विचारलं,

"मग? हरलास का शेवटी?"

"व्हय."

"बरं. आईला दे."

मग सार्थकनं जावेदचा निरोप वाचला. आणि जावेदला लिहिलं, 'लई भारी खेळलास. तुला ताटकळत ठेवलं, चुकलं माझं.' उत्तर आलं, 'अब्बू वाट बघून मोबाइल न घेताच कामावर गेले.' सार्थक कितीतरी वेळ ते वाचत राहिला.

मित्रांनो, कीर्तनातून आरतीआधी उठू नये म्हणतात. डावाचंही तसंच आहे. हार दिसली तरी चाल करावी, नाहीतर हरलो म्हणावं, समोरच्याला नमस्कार करावा आणि मग उठावं. कुणी तुम्हालाच अडवून धरलं, तर शिव्या देऊ नका, जावेदसारखे शांत बसा. मला जपलं नाही तरी चालेल. पण माझ्या काचेपलीकडं जो बसलाय, त्याचा वेळ जपा. आणि त्याच्यामागं आणखी कोण वाट बघत बसलंय, ते तर मलाही दिसत नाही.