बेकरीचं पीठ, घरची चूल

रमिलाला पाचवा महिना लागला तरी तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. भाकरी खाल्ली की ओकायला परसात धाव, खिचडी खाल्ली की परसात धाव. पुढे पुढे तर ताट समोर आलं की ती आधी परसाच्या दाराकडे बघायची. पहिलटकरणीचं असंच असतं, असं कळसाडीच्या बायका सुरुवातीला सांगायच्या. पण दिवस उलटत गेले तशा त्याही बोलेनाशा झाल्या. तिच्या हातातल्या बांगड्या पार कोपराकडे सरकू लागल्या होत्या.

शहाद्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं, तेही परसात गेलं. मग डॉक्टर गिरधरला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला जे खावंसं वाटेल ते द्या. काहीही असो. पण पोटात राहिलं पाहिजे. असंच चाललं तर दोघांनाही जड जाईल."

दोघांना म्हणजे कोणाला, हे गिरधरला विचारावं लागलं नाही. घरी येताना बैलगाडीत अर्ध्या वाटेपर्यंत तो बायकोशी एक शब्द बोलला नाही. तसा तो कमीच बोलायचा. केळीच्या बागेत पाणी भरताना तो तासन्‌तास एकटा असायचा आणि त्यात त्याला काही कमी वाटायचं नाही. बाजारात कोणी भाव जास्त सांगितला तर घासाघीस करण्यापेक्षा तो वस्तू न घेताच परतायचा. पण आज विचारायलाच हवं होतं.

"तुले काय खावासं वाटस?" त्याने बैलांच्या शेपटांकडे बघत विचारलं.

"तुम्ही हसशात."

"नही हसाव."

रमिलाने पदर तोंडाशी धरला आणि सांगितलं. ती लहान असताना तिच्या बापाचा पाय मोडला होता. चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात त्याला ठेवलं होतं. तिथल्या एका नर्सबाईने तिला एक वस्तू खायला दिली होती. "करंजीसारखं व्हतं, पन करंजी नही. पापुद्रंच पापुद्रं. मझार केळं व्हतं, गरम." एवढं बोलून ती लाजली. "आठ दिन व्हयनात, तेच डोळासमोर ये."

गिरधर हसला नाही. त्याला आधी आई आठवली. ही वस्तू मिळेल तर बेकरीत, आणि बेकरीची वस्तू आजवर त्याच्या घराचा उंबरा ओलांडून आत आली नव्हती. त्याची आई, तुळशीबाई, चहाबरोबर खारी खाणाऱ्या पाहुण्यालाही ओट्यावर बसवायची आणि नंतर ओटा धुवायची. वडील गेल्यापासून त्या घरात तिचा शब्द शेवटचा होता. खरं तर वडील असतानाही तोच शेवटचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ताक घुसळत होती. रवीचा आवाज जोरात येत असेल तेव्हाच बोलावं, म्हणजे अर्धं तरी ऐकू जाणार नाही, असा हिशेब करून गिरधर बोलला. आईने रवी थांबवली.

"बेकरीनं?"

"व्हय."

"मिशनमा खादं व्हतं?"

"ल्हानपनी, माय."

तुळशीबाईने आतल्या खोलीकडे पाहिलं. रमिला भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. तिच्या गळ्याची वर आलेली हाडं पाहून तुळशीबाईला काय वाटलं कोण जाणे. ती पुन्हा रवी फिरवू लागली. लोणी वर यायला लागलं तेव्हा तिने तोंड उघडलं.

"माहेरनं पाप माहेरले. ते जाऊ दे. भट्टीमा भाजेल वस्तू मन्हा घरमा येवाव नही. पन भाजाना पहिले ते काय ऱ्हास? पीठच ना? पीठले कसाना इटाळ?"

गिरधर ऐकतच राहिला.

"पीठ लई ये. भाजसू आपन, मन्ही चूलवर."

"पन माय, ते पीठ पानीमा भिजाडेल ऱ्हाई."

"तेबी मन्हा ध्यानमा शे." तुळशीबाईने लोण्याचा गोळा हातावर घेतला. "त्याले सांग, पानीना थेंब नको. दूधमा भिजाड म्हना. दसमी दूधमा भिजाडतस, ती गावोगाव जास, तिले कधी इटाळ व्हयना का? दूध आपलं, तूप आपलं. मंग उरनं काय त्यानं? हातच ना फक्त?"

प्रवासाला नेतात ती दुधात मळलेली दशमी कुणाच्याही पंगतीला चालते, हे खरं होतं. जन्मभर पाळलेल्या सोवळ्यातून तुळशीबाईने सुनेसाठी एक दार शोधून काढलं होतं, आणि तेही नियमातच बसणारं.

पौषातली थंडी होती. गिरधरने सायकलला एका बाजूला दुधाची बरणी आणि दुसऱ्या बाजूला थिजलेल्या तुपाचा डबा बांधला आणि शहादा गाठलं. गुलाबखाँच्या बेकरीसमोर गिऱ्हाइकं होती. ती सगळी जाईपर्यंत तो समोरच्या दोरखंडाच्या दुकानात दोरखंड बघत उभा राहिला. शेवटी दुकानदाराने विचारलं की भाऊ, म्हैस आहे का विहीर. तेव्हा तो रस्ता ओलांडून गेला.

गुलाबखाँ म्हातारा होता. त्याच्या भुवयांवरही मैदा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. दूध आणि तूप पाहून तो थोडा वेळ दाढी खाजवत बसला.

"दूध में खारी? अम्मा का हुकम है?"

"हां."

"बहू के लिये?"

गिरधरने मान हलवली.

"फिर तो बनाना पडेगा," असं म्हणून म्हाताऱ्याने हात धुतले. हेही अम्माला सांग, असं बजावून त्याने ते पुन्हा धुतले.

पीठ कसं होतं ते गिरधरने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दुधात भिजवलेला मैदा गुलाबखाँने मोठा लाटला, त्यावर थिजलेलं तूप पसरलं आणि पैठणीची घडी घालावी तशी त्याची घडी घातली. ती ओल्या फडक्यात ठेवून बाहेर गारठ्यात मांडली. थोड्या वेळाने पुन्हा लाटली, पुन्हा घडी. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी त्याने ती जाड घडी केळीच्या पानात बांधून दिली आणि बोट वर केलं.

"एक बात. इसको गूंदना मत. बस काटना, भरना, सेकना. गूंदा तो परत मर गयी. समझा?"

मळलं की पापुद्रे मेले, हे समजलं तर होतं. पण सायकल गावाकडे निघाली तशी एक गोष्ट गिरधरला टोचू लागली. हे आईला सांगायचं कसं? कळसाडीतच काय, आजूबाजूच्या गावांतही तुळशीबाईसारखे मांडे कोणी करत नव्हतं. लग्नकार्यात तिला गाडी पाठवून नेत. मांड्याची कणीक ती ताणून, आपटून, पाण्याचा हात लावून अशी मऊ करायची की हातावर टाकली की ती आपोआप पसरायची आणि उलट्या खापरावर पडली की पलीकडचं दिसायचं. अशा बाईला जाऊन सांगायचं की पीठ मळू नको? तेही बेकरीवाल्याने सांगितलंय म्हणून? गाव येईपर्यंत त्याने वाक्य नीट जुळवलं होतं. दारात आई दिसली आणि वाक्य विरून गेलं.

तुळशीबाईने सगळी तयारी केली होती. बागेतली पिकलेली केळी कुस्करून, गूळ आणि वेलची घालून कढईत आटवून ठेवली होती. पडवीतल्या चुलीवर जुनं खापर बसवून त्यात वाळू तापत टाकली होती. वर झाकायला लोखंडी तवा होता, तव्यावर ठेवायला निखारे होते. शेजारची मीनाबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती, कारण गिरधर सायकलवर काय घेऊन आला हे तिला माहीत नसणं शक्यच नव्हतं.

"काय तुळशीबाय, बेकरी टाकी ऱ्हायनी का?"

"तुन्हा दात पडनात म्हनीसन मऊ करी ऱ्हायनू, बठ."

तुळशीबाईने पान सोडलं. घडी पाहिली, वास घेतला, तूप आपलंच आहे हे ओळखलं. मग कोणतंही पीठ हाती घेताना करायची तसं तिने कोपऱ्यातला एक तुकडा तोडला आणि अग्नीचा म्हणून चुलीच्या कडेला निखाऱ्यावर ठेवला. अर्धी घडी ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या माठाशी ठेवली. उरलेली परातीत घेतली, दुधाचा हात लावला आणि मळायला सुरुवात केली.

गिरधर उंबऱ्यावर बसला होता. त्याने तोंड उघडलं.

"माय."

"काय?"

"काही नही."

तुळशीबाईने आज जीव लावून मळलं. सुनेसाठी, नातवासाठी, आणि मीनाबाई बघत होती त्यासाठीही. ताणलं, आपटलं, मुठीने रगडलं. गुलाबखाँने दुपारपर्यंत घातलेल्या घड्या घटकेत नाहीशा झाल्या. परातीत एक गुळगुळीत, चकचकीत गोळा उरला. "अशी कनिक त्या बेकरीवालाना बापनीबी पाह्यनी नसई," ती म्हणाली. गिरधरने डोळे मिटून घेतले.

तिने पुऱ्या लाटल्या, केळं भरलं, कडा दुमडल्या आणि ताटलीत मांडून खापरात ठेवल्या. वर तवा, तव्यावर निखारे. घरभर वेलचीचा वास सुटला. आतून रमिला उठून भिंतीचा आधार घेत बाहेर आली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर भूक दिसली.

तवा उचलला. लालसर, सुरेख दिसत होत्या. रमिलाने एक हातात घेतली, चावली. परत चावली. मग दाढेखाली घेऊन चावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली, "गोड शे, माय."

"मोडाले विळा देऊ का?" मीनाबाईने कुंपणावरून विचारलं.

तुळशीबाईने एक पुरी उचलून चुलीच्या दगडावर आपटली. दगडासारखाच आवाज आला. रमिलाने हातातली पुरी हळूच खाली ठेवली, आणि तिच्या चेहऱ्यावरची भूक मावळायला लागली. ते पाहून गिरधरला जे वाटलं ते आजवर कधी वाटलं नव्हतं. आईचा राग परवडला, पण हे नको. तो उठला आणि सरळ चुलीपाशी गेला. आता मात्र बोलायचंच, असं त्याने ठरवलं, आणि शब्द काही सापडेनात. नजर निखाऱ्यांवर गेली. तिथे अग्नीला दिलेला तो एवढासा तुकडा होता.

"माय," तो म्हणाला. "अग्नीना वाटा देख."

तुळशीबाईने वाकून पाहिलं. तो तुकडा फुलून चौपट झाला होता. एका बाजूने काळा पडला होता, पण दुसऱ्या बाजूने त्याचे पापुद्रे सुटून उभे राहिले होते, कांद्याच्या पाकळ्यांसारखे, एकावर एक. तिने चिमट्याने तो बाहेर काढला. बोट लावताच वरचा पापुद्रा चुरा होऊन तिच्या तळहातावर पडला. रमिला पुढे सरकून बघू लागली.

"असंच व्हतं," ती हळूच म्हणाली. "असंच."

तुळशीबाई कितीतरी वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग परातीकडे पाहिलं. मग मुलाकडे.

"याले मन्हा हात लागेल नव्हता."

गिरधरने परात बाजूला सारली.

"बेकरीवालानी काही सांगं व्हतं का?"

"सांगं व्हतं. मळू नको म्हने. बस कापानं, भरानं, शेकानं."

"मंग तू काब्र बोलना नही?"

"मी तुले पीठ मळानं शिकाडू?" गिरधर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण मान खाली गेली नव्हती.

मीनाबाई कुंपणावर रेलून वाट बघत होती की आता गिरधरला चिमटा बसतो. पण तुळशीबाई हसायला लागली. आधी नुसती खांद्यातून हलली, मग तिला आवाज आवरेना, मग ती पदराने डोळे पुसत चुलीपुढे बसूनच राहिली. "अरे बाप रे," ती म्हणाली, "दशक्रोशीमा मांडा करनारी मी, आनि अग्निदेव मन्हापेक्षा हुशार निंघना. ऊठ. फडक्यामातलं आन. आनि तूच कर. मन्हा हात ऱ्हावाव नही, तो मळाले धावी."

म्हणून त्या दिवशी गिरधर चुलीपुढे बसला. घडी त्याने पोळपाटावर ठेवली, अलगद लाटली आणि विळीवर तिचे चौकोन कापले. मधोमध केळं ठेवून दोन टोकं एकमेकांवर आणली. तुळशीबाई हात मांडीखाली दाबून बसली होती आणि तोंडाने सूचना करत होती. एवढं केळं नको भरू. कड सोड. अरे, दाबू नको, तूच तर सांगी ऱ्हायना ना. कुंपणाशी आता मीनाबाईबरोबर आणखी दोघी उभ्या होत्या, आणि पुरुष चुलीपाशी बसल्यावर जे जे म्हणायचं असतं ते सगळं त्यांनी म्हणून घेतलं. गिरधरला त्यातलं काही ऐकू आलं, काही नाही.

तवा उचलला तेव्हा ताटलीत मांडलेले चौकोन ओळखू येईनात. फुगून एकमेकांना टेकले होते. एकाचं केळं फुटून बाहेर आलं होतं आणि गूळ कडेला करपला होता. रमिलाने तो फुटलेलाच उचलला. फुंकर घातली, चावला. पापुद्रे तिच्या हनुवटीवर, पदरावर, मांडीवर पडले. तो संपला तसा तिने दुसरा घेतला. तोही संपवला.

पण खाणं तिने पूर्वीही खाल्लं होतं. प्रश्न त्यानंतरचा होता. तुळशीबाई चिमटा हातात धरून बसली होती. कुंपणावरच्या बायका पुढे वाकल्या होत्या. गिरधर बायकोच्या गळ्याकडे बघत होता.

रमिला उठली. पदर सावरला आणि परसाच्या दाराकडे गेली.

तुळशीबाईने चिमटा खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे," ती मुलाला हळूच म्हणाली. "उद्या आखो करसू. ऱ्हाऊ दे." गिरधर उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. परसात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग परत पाणी.

रमिला दारात आली. हात ओले होते, हनुवटी धुतलेली होती, आणि तिच्या मागे परसात ऊन पडलं होतं.

"हात चिकट व्हयना व्हता," ती म्हणाली. मग सगळे आपल्याकडेच बघतायत हे तिच्या लक्षात आलं. ती लाजून नवऱ्याच्या आड झाली आणि तिथूनच तिने विचारलं, "आनखीन शे का?"