पाव निघाल्याची धून

मी लाउडस्पीकरचा एक जुना कर्णा आहे. बेकरीच्या दारावर, पाटीच्या किंचित वर बसवलेला. मित्रांनो, रस्त्याने जाताना तुम्ही आमच्याकडे मान वर करून पाहत नाही, पण आम्ही तुमच्या कानात शिरलेले असतो.

मालकीणबाईंनी मला आणलं तेव्हा त्यांची बेकरी नवी होती. "पाटी वाचायला माणसाला थांबावं लागतं. आवाजाला तेवढीही गरज नाही," त्या म्हणाल्या. पीठ मळताना त्या एक लहानशी धून गुणगुणत. तीच त्यांनी ओळखीच्या बासरीवाल्याकडून वाजवून रेकॉर्ड करून घेतली. भट्टीतून पाव निघाले की मी ती एकदाच वाजवायचो. लगेच खिडक्या उघडायच्या. पोरं बेकरीचं नावसुद्धा घेत नसत. धून शिट्टीवर वाजवली की आईला कळायचं, पाव हवाय.

मग समोरच्या चपलांच्या दुकानाने कर्णा लावला. शेजारच्या मोबाइलवाल्याने दोन लावले. मालकीणबाईंचे जावई कामात लक्ष घालू लागले होते. ते म्हणाले, "आई, सुरांचे दिवस गेले. आता ज्याचा घसा मोठा, त्याचं गिऱ्हाईक."

"बापू, ओरडणाऱ्याच्या दारात कोण उभं राहतं?"

"उभं राहू दे नाहीतर पळू दे, नाव तर कानावर पडेल."

धून बंद झाली. मी दिवसभर सवलतीच्या घोषणा ओरडू लागलो. माझ्या पोटातला पातळ पडदा कडेला चिरला. रोज वाटायचं, आज फाटणार. फाटलो तर भंगारात जाणार, नाही फाटलो तर असंच बोंबलत राहणार. लोक कानांवर हात ठेवून पुढे जात. त्या गोंगाटात कोणता आवाज कोणत्या दुकानाचा, हे मलाही कळेनासं झालं.

आमच्याकडे रोज ऑपरेटरकाका येत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, दोन्ही डोळ्यांनी अंध. आमची धून ऐकली की ते काठी टेकत बरोबर दाराशी वळायचे. धून बंद झाल्यावर ते पावलं मोजून दार गाठत. एका दुपारी त्यांची मोजणी चुकली आणि ते आमच्यासमोरून सरळ पुढे निघून गेले. पुढे रस्ता नळासाठी खोल खणलेला होता. खड्ड्याभोवतीची दोरी कुणीतरी सोडून ठेवली होती. उंचावरून मला सगळं दिसत होतं आणि मी काय ओरडत होतो? दोनवर एक फुकट.

मालकीणबाईंनी पाहिलं. "काका, थांबा," त्यांनी हाक मारली. ती दारातच विरली. मध्ये गर्दी होती, धावून पोहोचणं शक्य नव्हतं. त्या आत वळल्या, घोषणा तोडली आणि जुनी धून लावली. पण समोरचे कर्णे तिला गिळत होते. जावईबापू एव्हाना बाहेर आले होते. त्यांनी खड्डा पाहिला, त्याकडे चाललेले काका पाहिले आणि चपलवाल्याकडे बघून दोन्ही हात हलवले. चपलवाल्याला काय कळलं कुणास ठाऊक, त्याने बटण दाबून आपला कर्णा बंद केला. मग मोबाइलवाल्यानेही.

मी एकटाच उरलो. चिरलेल्या पडद्याने, घरघरत, मी धून वाजवली.

काका थबकले. काठीचं टोक पुढे गेलं आणि हवेतच राहिलं. त्यांनी पाय मागे घेतला, तोंड आमच्याकडे वळवलं. तोवर गर्दीतून वाट काढत पोहोचलेल्या जावईबापूंनी त्यांचा दंड धरला होता.

"अहो, बेकरी कुठे नेली होतीत तुम्ही?" काका विचारत होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. जावईबापू त्यांना हाताला धरून बेकरीकडे घेऊन आले.

माझा पडदा बदलला गेला. धून पुन्हा सुरू झाली, दुकानदारांनी आवाजही कमी केले. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. आज सकाळी कोपऱ्यावरच्या नव्या दुकानासमोर माझ्या दुप्पट आकाराचे कर्णे टेम्पोतून उतरवले गेले. आवाज बेताचा ठेवा, हे सांगायला जावईबापू तिकडे गेले आहेत. तो नवा दुकानदार हाताची घडी घालून ऐकतो आहे. मान होकारार्थी हलते की नकारार्थी, इथून नीट दिसत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही दुकान काढाल, गाडी घ्याल, तुमचाही एखादा आवाज असेल. तो वाजवण्याआधी क्षणभर कान द्या. त्या आवाजाखाली कुणाची तरी हाक दबत असेल.