पवित्राच्या पोटातली वस्ती

मंगलाला जुळी झाली, सूर्या आणि पवित्रा. दोघंही तिच्याच दुधावर होती. सूर्या अंग धरू लागला. पवित्रा मात्र प्यायलेलं सगळं ओकायची. आठवडाभरात ती पिवळी पडली, मग रडायचीही थांबली. कुंभकोणमच्या एका दवाखान्यात डॉक्टर चंद्रमौळींनी तिच्या तपासण्या केल्या आणि मंगलाला समोर बसवून तमिळमध्ये सांगितलं, "हिच्या शरीराला दुधातली साखर पेलत नाही. जन्मजात दोष आहे, फार थोड्या मुलांत असतो. आईचं, गाईचं, कुठलंच दूध द्यायचं नाही. सोयाबीनपासून केलेली बाळांची पावडर पाण्यात कालवून द्या."

"म्हणजे माझंच दूध तिला बाधत होतं?"

"तुमच्या दुधात काही खोट नाही. तिला ते चालत नाही, एवढंच."

दूध थांबलं आणि थोड्याच दिवसांत पवित्राच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. भूक लागली की ती घर डोक्यावर घेऊ लागली. सूर्याला पाजून झालं की मंगला हात धुऊन बाटली करायला बसायची. डब्यातल्या त्या कडधान्याच्या वासाच्या पावडरीकडे बघताना तिला नवल वाटे. शेतातल्या शेंगेतला दाणा, आणि त्यावर आपली मुलगी जगते आहे.

पुढे तिने कुठेतरी वाचलं, की सोयावर वाढणाऱ्या बाळांच्या आतड्यातले जंतू वेगळे असतात. नणंद दिव्यश्री दारासुरमकडच्या रस्त्यावरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. मंगलाने तिला घरच्या जुन्या वळणाच्या मराठीत विचारलं, "दिव्या, हिच्या पोटांत कांहीं बिघडलं तर नाहीं?"

"दिसेल तेवढं सांगतें, वैनी. दोघांच्या लंगोटातली शी थोडी थोडी वेगवेगळ्या डब्यांत द्या. आणि तुम्हीही या."

प्रयोगशाळेत दिव्यश्रीने काचपट्ट्या रंगवल्या, नळाखाली धुतल्या, वाळवल्या, वर तेलाचा थेंब सोडला. मंगलाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

आधी नुसतं धूसर दिसलं. मग चित्र स्थिर झालं. जांभळ्या काटक्याच काटक्या. कितीतरी काटक्यांच्या टोकाला बेचकी फुटलेली.

"हा सूर्या," दिव्यश्री म्हणाली. "आईच्या दुधातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत, वैनी. त्या या जंतूंचं अन्न असतात. तुम्ही पाजतां तें एकट्या सूर्याला नव्हे."

मग पवित्राची पट्टी आली. इथे बेचकी शोधूनही सापडेना. गोल ठिपके, माळा, आखूड कांड्या, काही जांभळ्या, काही गुलाबी, जत्रेसारखी दाटी.

"हे वाईट आहे?"

"वेगळं आहे. सोयात त्या साखरा नाहीत, म्हणून इथे दुसरेच येऊन राहिले. याचा पुढे कितपत परिणाम होतो, हें अजून कोणालाच पुरतं ठाऊक नाहीं. पण तिचं वजन वाढतंय, चंद्रमौळी बघतायत. सोया बंद करायचा प्रश्नच नाहीं."

मंगला घरी आली. त्या दिवशी बाटली देताना ती पवित्राकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. एवढ्याशा पोटात एवढी मोठी वस्ती, आणि तिला याची गंधवार्ता नाही.

पुढे दोन्ही मुलं रांगू लागली, तांदळाची पातळ कंजी आणि कुस्करलेलं केळं खाऊ लागली. एकमेकांची बोटं चोखायची, एकाच्या तोंडातलं खेळणं दुसऱ्याच्या तोंडात जायचं. एक दिवस दिव्यश्रीने निरोप पाठवला, "पुन्हा डब्या घेऊन या."

यावेळी सूर्याच्या काचेवरही ठिपके आणि माळा आल्या होत्या. पवित्राची पट्टी बघताना मंगला एकदम थांबली. गर्दीच्या कडेला एक बेचकी होती. जरा सरकवल्यावर आणखी दोन.

"दिव्या, हे आले कुठून?"

दिव्यश्रीने स्वतः बघितलं, बराच वेळ. "नुसत्या आकारावरून खात्री देतां येत नाहीं. पण असतील तर सूर्याकडून आले असतील. नाहींतर तुमच्या हातांवरून. मुलं जेवायला लागलीं, कीं दोघांच्या पोटांतला फरक हळूहळू कमी होत जातो. पुस्तकांत वाचलं होतं. घरांतल्या मुलांचं बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

मंगलाने पुन्हा डोळा लावला. जे दूध मुलीला द्यायचं तिला थांबवावं लागलं होतं, त्यावर वाढलेलं काहीतरी, वाट काढत, तिच्यापर्यंत पोचलं असेल का?

तासाची घंटा झाली. विद्यार्थी दारात येऊन उभे राहिले, आत यावं की नाही अशा संभ्रमात. दिव्यश्रीने त्यांना हातानेच थांबायला सांगितलं.

"बघा, वैनी," ती म्हणाली. "सावकाश बघा."