तीनशे मुलांची चावी

मी चावी बोलतेय. कपाटाची नव्हे, फाटकाचीही नव्हे. अंगठ्याएवढी, काळी, प्लास्टिकची, पोटात एक लाल दिवा असलेली. मुरुडच्या एका शाळेच्या कचेरीत जो संगणक आहे, त्याच्या पाठीत मी अकरा वर्षं खोचलेली आहे. मी आत असले की मुलांची नावं, हजेरी, गुण, दाखले सगळं उघडतं. मला उपसलं की शाळेत एकही मूल नाही. म्हणजे मुलं असतात, डबे खात असतात, पण संगणकाच्या मते नसतात.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. ते मला नीट आठवत नाही. आठवतो तो परवाना. तीनशे विद्यार्थी, एक जास्त नाही. मला पुढे मोजता येत नाही असं कुणी समजू नये. येतं, पण परवानगी नाही. तेव्हा शाळेत दोनशे साठच मुलं होती, त्यामुळे तीनशे म्हणजे चैनच वाटली.

लेखनिकाची जागा रिकामी होती, म्हणून शिपाई हरेश्वर संगणक चालवायला शिकला. कोळीवाड्यातला माणूस, लहानपणी आठवीतून शाळा सोडून होडीवर गेलेला. रोज सकाळी तो मला उदबत्ती ओवाळायचा. एकदा राख माझ्या खाचेत गेली आणि अख्खी शाळा दुपारपर्यंत बंद पडली, तरी ओवाळणं थांबलं नाही.

पुढे मुलं झाली तीनशे अकरा. आत तीनशे, आणि बाहेर मात्र बारा. ही वजाबाकी कुणी तपासली नाही. मी तपासली होती, पण मला विचारतो कोण?

मग हरेश्वरने पाळ्या लावल्या. आठवडाभर ही बारा बाहेर, पुढच्या आठवड्यात ती बारा. पण आमच्या व्यवस्थेत एक खोड आहे. शाळा सोडल्याचा दाखला छापल्याशिवाय ती कुणाचं नाव काढू देत नाही, आणि कारण लिहिल्याशिवाय दाखला छापत नाही. हरेश्वर भिडस्त माणूस, कारण कोरं ठेवणार कसा? मुसलमान मोहल्ल्यातल्या मुलांना तो मस्कतला पाठवायचा आणि कोळ्यांच्या मुलांना होडीवर. मुलं तिथेच खिडकीबाहेर खेळत असायची.

नवी व्यवस्था घ्यावी म्हणून संगणक-प्रणाली विकणाऱ्या कंपनीचा अल्पेश आला. शाळा समितीचे अध्यक्ष अब्दुस्समद यांचं बाजारात दोरखंडाचं दुकान. त्यांनी आधी चहा पाजला, मग भाव विचारला. भाव दर मुलामागे, तोही दर वर्षी. त्यांनी विचारलं, जुळ्या भावांचं एकच धरता का? नाही. जो वर्गात येतच नाही त्याचं? त्याचंही. पूर्वी शिकून गेलेल्यांचंही, कारण त्यांची नावं सांभाळायला लागतात.

"म्हणजे दोर मी एकदाच विकायचा," अब्दुस्समद शांतपणे म्हणाले, "आणि तुम्ही गाठ मारल्याचे पैसे दर साल घेणार."

वर्षाचा आकडा छपराच्या नव्या पत्र्यांहून मोठा निघाला. ठराव झाला की जुनी चावी चालू ठेवावी. मला, खरं सांगते, बरं वाटलं.

ते फार दिवस टिकलं नाही. केसर नावाच्या मासळी विकणाऱ्या बाईला मुलाच्या दप्तरात सहा दाखले सापडले. तिचा पियूष सहावीत आणि सहा वेळा होडीवर गेलेला. ती टोपलीसकट कचेरीत आली. "माझा पोर होडी बघून वकतो," ती म्हणाली, "आन् तुमी त्याला सहांदा दर्यात धाडला?" त्या दिवशी नियम झाला की पालकाच्या सहीशिवाय कुणाचंही नाव निघणार नाही. आणि सही कोण देतो? एकदा बाहेर गेलेलं पोर बाहेरच राहील, ही भीती सगळ्यांनाच होती.

त्यात जवेरिया आली. दहावीला शाळेत पहिली आलेली मुलगी, अलिबागच्या कॉलेजात विज्ञान शाखेला नाव लागलेलं. फेब्रुवारीत पाळीने तिला मस्कतला पाठवलं होतं आणि आत घ्यायचं राहूनच गेलं. कॉलेजने विचारलं, फेब्रुवारीत मस्कतला गेलात तर मार्चात इथे परीक्षा कुणी दिली? खरा दाखला उद्यापर्यंत हवा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

आता गंमत बघा. शाळा सोडायची तर तिला आधी शाळेत घ्यायला हवं. आणि आत नव्या वर्षाच्या प्रवेशांनी तीनशे पूर्ण भरलेले. मुख्याध्यापिका हेमांगीबाईंनी दहा घरी फोन केले. एकही सही मिळाली नाही. जवेरिया बाकावर बसून ओढणीचं टोक पिळत होती. मला फार लाज वाटली. माझा दिवा तसाच जळत राहिला, त्याला दुसरं काही येत नाही.

हरेश्वरने संगणकासमोरची खुर्ची ओढली. मग म्हणाला, "बाई, एक नाव हाय. त्याचा पालक मीच."

त्याने आठवी ब उघडली. शेवटचं नाव हरेश्वर. अकरा वर्षं आठवीत, हजेरी शंभर टक्के. वजाबाकीतला जास्तीचा एक तो हाच.

"पयल्या दिवशी घालून बघितलं, चालतंय का. मग काढवलं न्हाय."

बाई हसल्या नाहीत. दाखला त्याने स्वतःच काढायला घेतला, पण कारणाच्या रकान्याशी त्याचा हात थांबला. शेकडो मुलांना कारणं पुरवणाऱ्या माणसाला एक सुचेना. बाईंनी कळफलक ओढला आणि लिहिलं, 'दुसऱ्याला जागा दिली.' वर्तणुकीपुढे लिहिलं, 'उत्तम.' पहिल्यांदा शाळा सोडली तेव्हा दाखला न्यायला तो आलाच नव्हता.

मग जवेरिया आत आली आणि खऱ्या तारखेने, खऱ्या कारणाने बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती अलिबागला पोचली, प्रवेश झाला. इकडे एक जागा रिकामी झाली होती. बाई म्हणाल्या, "तुमचं नाव घाला परत." हरेश्वरने बाहेरच्या यादीतलं पहिलं नाव घातलं.

आता समितीने वर्गणी जमवली आहे आणि अल्पेश सोमवारी येतोय. नव्या व्यवस्थेत चावी नसते. खाऱ्या हवेने मी गंजले आहेच, तक्रार नाही. एवढंच मागते, मला टाचण्यांच्या डबीत टाकू नका. माझाही एक दाखला छापा. वर्तणूक तुम्हीच ठरवा. इतकी वर्षं मुलांना दाराबाहेर उभं केलं, 'उत्तम' लिहा असं माझ्याच्याने म्हणवत नाही. पण कारण खरं लिहा. मस्कतला गेली असं लिहू नका.