शालीचे गाणे आणि मी

मित्रांनो, देशाच्या राजधानीत, मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमागे एक अडगळीची खोली आहे. तिथे पोट फाटलेला, जाळी आत गेलेला जो काळा स्पीकर पडला आहे, तो मी. मी म्हातारपणाने बंद पडलो नाही. मला माणसांनी मारले.

माझा जन्म लाजपतराय मार्केटातल्या एका दुकानात झाला. मराठी मंडळाने मला विकत घेतले आणि माझे दिवस पालटले. गणपतीतल्या आरत्या, कोजागरीची भावगीते, गेटसमोरची गाडी काढण्याची सूचना, सगळे मीच ऐकवत असे. "काय आवाज आहे!" असे कोणी म्हटले की माझी छाती फुलायची. छोटा परीक्षित माझ्याशेजारी बसूनच दिनकरकाकांकडून पेटी शिकला. काका त्याची बोटे धरून पट्ट्यांवर ठेवत. मला ते फार आवडे.

मोठा झाल्यावर परीक्षित गिटार घेऊन स्वतःची गाणी गाऊ लागला. सगळी चिमटे काढणारी! त्याचा नवा अल्बम नेटवर येताच पहिल्यांदा आमच्याच हॉलमध्ये ऐकवायचे ठरले. नंतर त्याचा सत्कार होता, म्हणून मंडळाचे अध्यक्ष दिनकरकाका शाल आणि नारळ मांडीवर घेऊन पुढे बसले होते.

पहिले गाणे शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या द्वारका वस्तीतल्या लोकांवर होते. आमचे मयूर विहारवाले पोट धरून हसले. दुसरे कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या अतिथिगृहातल्या साहेबांवर होते. त्याला तर वन्स मोअर मिळाला. मग शालीचे गाणे लागले. महाराष्ट्रातून कोणीही पाहुणा आला की त्याला शाल पांघरवून फोटोत स्वतःच मधोमध उभा राहणारा एक अध्यक्ष त्यात होता. हॉल गप्प झाला. फक्त परीक्षितचे बाबा, माजी अध्यक्ष शांतारामकाका, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

"हे माझ्यावर आहे!" दिनकरकाका ओरडले.

"बिल्कुल नाही, माझ्यावर आहे!" दुसरे एक माजी अध्यक्ष, जयेशराव, उसळले. दोघांनी एकमेकांची कॉलर धरली. तेवढ्यात दोघांनाही परीक्षित दिसला.

सत्काराचा नारळ त्याच्या कपाळावर बसला. रक्त माझ्या जाळीवर उडाले. खुर्च्या भिरभिरत आल्या. परीक्षित खाली पडला, तरी लाथा थांबेनात.

"गाणं नेटवरून काढ! अभी के अभी!"

"काका, तुमच्यावर नाहीये यार! बाबांवर आहे!"

माझ्यातून गाणे जोरात चालूच होते. त्याचे बोलणे माझ्याशिवाय कोणालाच ऐकू गेले नाही. मग कोणीतरी माझ्या पोटात बूट घातला आणि मी गप्प झालो. त्या शांततेत सगळ्यांना एक आवाज ऐकू आला. दिनकरकाकांच्या बुटाखाली परीक्षितची बोटे मोडली होती.

"दिनकर, ते माझ्यावर होतं रे," शांतारामकाका म्हणाले आणि मुलाशेजारी खाली बसले.

आता हॉलमध्ये नवा स्पीकर आहे. मला कोणी दुरुस्त केले नाही, याचे मला फारसे वाटत नाही. परीक्षितच्या हाताला गिटारची तार दाबवत नाही, याचे मात्र फार वाईट वाटते.

मित्रांनो, गाणे बोचले तर रागवा, कान झाका, उठून जा. माझ्या पाठीवर बंद करायचे बटण होते. ते दाबायला एक बोट पुरले असते.