पंधरावी काठी

कामशेतहून पवनेकडं जाणाऱ्या रस्त्याला, डोंगराच्या मांडीवर गोल्फचं एक मैदान आहे. तिथं रखमाजी अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याच्या काठ्यांची बॅग खांद्यावर वाहतो. त्याची नजर अशी, की तळ्यात पडलेला चेंडू कुठल्या माशानं गिळला ते तर तो सांगेलच, वर त्या माशाचं सासर कुठलं तेही सांगेल. आणि अठ्ठावीसपैकी बहुतेक सगळी वर्षं त्यानं एकाच माणसाची बॅग वाहिली. ती सीतारामसाहेबांची. साहेब देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले, म्हणून मैदानावर त्यांचं नाव डेपोसाहेब.

साहेब लांबचे फटके मारायचे ते चारचौघांसारखेच. पण चेंडू ग्रीनच्या कडेला आला, की माणसं आपापला खेळ सोडून बघायला थांबायची. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखी गुळगुळीत. तिच्या बाहेर दहा-पंधरा पावलांवरून चेंडू अलगद उचलायचा, हिरवळीवर ठेवायचा आणि भोकाकडं घरंगळू द्यायचा. याला हातात वेज नावाची काठी लागते आणि मनगटात मऊपणा लागतो. साहेबांच्या मनगटात तो एवढा होता, की एकदा त्यांचा चेंडू हिरवळीवर उतरला, चालू लागला, वाटेत एक मुंगी आडवी आली तर तिला वाट देण्यापुरता थांबला, आणि मग भोकात गेला. यात काही खोटं असेलच तर ते मुंगीपुरतं.

दोघांची एक रीत होती. चेंडूपाशी पोचलं की साहेब मागं न बघता उजवा हात मागं पसरायचे. रखमाजी त्यात जी काठी ठेवील तिनं खेळायचे. कुठली दिलीस म्हणून विचारायचं नाही, दुसरी दे म्हणायचं नाही. नवीन मेंबर हे बघून हसायचे. एकानं तर विचारलं, साहेबांना मान वळवायला डॉक्टरांनी मनाई केलीय का. साहेब म्हणाले, "बायको ताटात वाढते तेव्हा तुम्ही पातेल्यात डोकावता का?"

मग एका दिवाळीनंतर साहेबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू दोन महिने झोपली, मग हळूहळू जागी झाली. पाय जरा ओढत का होईना, साहेब मैदानावर परतले. लांबचे फटके आखूड झाले, पण चालत होते. गेलं ते मनगट. ग्रीनच्या कडेला वेज हातात घेतली, की अगदी शेवटच्या क्षणाला हात दचकायचा, जणू मागून कुणी हळूच "साप" म्हणालं. मग चेंडूऐवजी मातीचा गोळा उडायचा, नाहीतर चेंडू सशासारखा सुटून पलीकडच्या वाळूच्या खड्ड्यात. एका ग्रीनभोवती चार-चार फटके जायला लागले. अठरा भोकांना मिळून एकशेअकरा, एकशेचौदा फटके. बघायला थांबणारी माणसं आता मुद्दाम दुसरीकडं बघायची.

पुढच्या वर्षी डिसेंबरात एके रविवारी नवव्या भोकामागच्या टपरीवर साहेब म्हणाले, "रखमा, जानेवारीच्या स्पर्धेत शंभराच्या आत आलो तर खेळायचं. नाही आलो तर बॅग बंद."

साहेबांचा शब्द म्हणजे डेपोचं कुलूप. एकदा लागलं की लागलं. रखमाजीच्या हातातला चहा तिथंच निवला. त्याला दुसऱ्या कुणाची बॅग मिळाली नसती असं नाही. पण साहेब येणार नसतील तर रविवारी सकाळी डोंगर चढून जायचं ते कशासाठी, हे त्याला कळेना.

"साहेब, एक बोलू का? रागावू नका."

"तू रागावण्यासारखंच बोलणार. बोल."

"चिपर घिऊन बघू या."

टपरी खतीजाभाबीची. तिनं तव्यावरचं ऑम्लेट तसंच सोडून मान वर केली, कारण चिपरचं मैदानावरचं नाव उलथनं, आणि ते नाव ठेवणारा रखमाजीच. चिपर ही तशी साधी काठी. चेंडू नुसता ढकलायला जी पुटर असते तिच्यासारखीच, फक्त तोंड किंचित वर केलेलं. मनगटाचं काम नाही. झाडू मारल्यासारखी खांद्यातून हलवायची, चेंडू आपोआप जरासा उठतो आणि धावतो. ज्याला वेज जमत नाही त्याची ही सोय. आणि रखमाजीनं वीस वर्षं तिची टिंगल केली होती. कुणाच्या बॅगेत चिपर दिसली, की हा मागून म्हणायचा, "आज काय, थालीपीठ हाय वाटतं?"

साहेब म्हणाले, "उलथनं घेणाऱ्यानं स्वयंपाकघरात खेळावं. कोण म्हणायचं हे?"

"म्या म्हनायचो. चुकलं."

"चुकलं नव्हतं. उलथन्याला एकच चाल. मधे वाळू आली तर काय? गवत ओलं असलं तर? चेंडू उचलून जागीच थांबवायचा असला तर? वेज दहा तऱ्हांनी बोलते. हे तूच मला शिकवलंस, रखमा."

"दहा तऱ्हा हात नीट असल्यावर," रखमाजी बोलून गेला आणि जीभ चावून बसला.

खतीजाभाबीनं ऑम्लेट उलटलं. "साहेब, मी हे बोटानं उलटू का? हात भाजला तर तुमी म्हनाल, वा, काय सुगरण हाय."

साहेब हसले. पण म्हणाले, "भाबी, ज्यानं आयुष्यभर बोटानं उलटलं, त्याच्या हातात उलथनं दिलं की सगळ्यांना कळतं बोटं गेली." भाबीनं ऑम्लेट ताटलीत काढून त्यांच्यापुढं सरकवलं. 

पण साहेबांचं येणं थांबणार ही गोष्ट रखमाजीला गिळवेना. बॅगा सांभाळणाऱ्यांच्या शेडमध्ये एक जुनी चिपर पडलेली होती. परदेशी गेलेल्या कुणा मेंबरानं सोडलेली, शेडातली मंडळी तिनं विंचू मारायची. तिच्या नावावर सव्वीस विंचू होते असं म्हणतात; मोजणारे मला भेटलेले नाहीत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी रखमाजीनं ती घासली, तेल लावलं, मुठीला नवी पट्टी गुंडाळली.

आता बॅगेत चौदाच काठ्या चालतात. पंधरावी झाली की दंड. म्हणजे चिपर घालायची तर एक काढायला हवी. न्यायानं वेजच काढायची, कारण तिच्याच जागी ही येणार. शेडातच असलेल्या साहेबांच्या बॅगेतून रखमाजीनं वेज अर्धी वर ओढलीसुद्धा. तिच्या तोंडावर मधोमध एक रुपयाएवढा डाग होता, वर्षानुवर्षं चेंडू नेमका तिथंच लागून लोखंड झिजलेलं. त्यानं ती परत खाली सोडली. त्याऐवजी तीन नंबरची काठी काढली, जिला वर्षभर कुणी हात लावला नव्हता, आणि शेडच्या कोपऱ्यात उभी केली. मग पुन्हा मोजलं. चौदा. कुलूप लावून तो घरी गेला.

रविवारी साहेब वेळेच्या आधीच आले. रखमाजी टॉवेल भिजवायला नळावर गेला होता. तो आला तेव्हा साहेब शेडात बॅगेशी उभे होते आणि बुटाची नाडी बांधत होते. बरोबर खेळायला आणि त्यांचे फटके कार्डावर लिहायला प्रज्ञेश म्हणून हिंजवडीच्या कंपनीतला एक जण होता. गुणी माणूस, फक्त प्रत्येक फटक्याआधी सहा वेळा काठी हलवून बघायचा. तेवढ्यात पवनेकाठचं भात लावून व्हायचं.

पहिल्याच भोकाला साहेबांचा चेंडू ग्रीनच्या बाहेर बारा पावलांवर थांबला. साहेबांनी मागं हात पसरला.  रखमाजीनं हातात चिपर ठेवली.

साहेबांची बोटं मुठीवर मिटली आणि थांबली. नवी पट्टी, जाड मूठ, आखूड दांडा. बोटांना कळायचं ते कळलं. प्रज्ञेश घड्याळात बघू लागला. रखमाजी साहेबांच्या मानेकडं बघत राहिला. ती वळली तर आजच सगळं संपलं, एवढं त्याला ठाऊक होतं.

मान वळली नाही. साहेब चेंडूवर वाकले आणि काठी झाडूसारखी हलली. हात दचकला असेल तर खांद्यांनी तो झाकला. चेंडू हातभर उठला, हिरवळीवर उतरला, घरंगळला आणि भोकापासून वीतभर अंतरावर थांबला.

 साहेबांनी काठी मागं धरली, रखमाजीनं ती घेतली.

मग दिवसभर तेच. चेंडू कडेला आला की हात मागं, हातात उलथनं, आणि चेंडू भोकाशेजारी जाऊन गुमान बसायचा. दोनदा वाळू मधे आली तेव्हा साहेब वळसा घालून खेळले, एक फटका जास्तीचा गेला, पण मातीचा गोळा एकदाही उडाला नाही. नवव्या भोकाला खतीजाभाबीनं लांबूनच बोटांनी विचारलं, किती? रखमाजीनं बोटांनीच सांगितलं, आणि तिनं हसू दाबायला पदर तोंडाला लावला. अकराव्याला साहेब शीळ घालत होते. झटक्यानंतर पहिल्यांदा.

अठराव्याचा शेवटचा चेंडू भोकात पडला. प्रज्ञेशनं दोनदा बेरीज केली. "काका, सत्त्याण्णव."

साहेब झाडाखालच्या टेबलाशी बसले. कार्डावर सही राहिली होती. प्रज्ञेश एकेका भोकाचा आकडा वाचत होता आणि साहेब मान हलवत होते. खतीजाभाबी टपरी उघडी टाकून चहा घेऊन वर आली होती. रखमाजी पलीकडं गवतावर बसून रोजच्यासारखा एकेक काठी पुसून ओळीनं मांडत होता. पुसता पुसता मोजायचं, ही हाताची सवय. बारा, तेरा, चौदा. आणि मोठ्या काठ्यांच्या लोकरी टोप्यांआडून आणखी एक निघाली.

तीन नंबर.

तिला त्यानं स्वतः शेडच्या कोपऱ्यात उभं केलं होतं. ती चालत आली नव्हती, आणि रखमाजीनं एरवी पाय फुटून चालत्या झालेल्या काठ्याही पाहिल्या आहेत. त्यानं पुन्हा मोजलं. पंधरा.

दंड चार फटक्यांचा. सत्त्याण्णव आणि चार.

शेजारी घाणेरीचं दाट झुडूप होतं. काठी नुसती सरकवायची होती, वीतभर. कुणाचं लक्ष नव्हतं. तिकडं साहेबांनी सतराव्या भोकाला मान हलवली आणि पेन हातात घेतलं. रखमाजीचा हात काठीवर होता. त्याला पुढचे सगळे रविवार दिसले, साहेब पाय ओढत पुढं, आपण मागं. त्यानं काठी झुडपाकडं सरकवली. अर्धी आत गेलीसुद्धा. मग साहेबांनी सही करायच्या आधी सवयीनं डावीकडं मान करून विचारलं, "रखमा, सगळं बरोबर?"

हे ते दर वेळी विचारायचे. त्याच्या 'व्हय'वर सही करायचे.

"साहेब," रखमाजी म्हणाला. "काठ्या पंधरा हायेत."

 प्रज्ञेशच आधी बोलला. "काका, ती तीन नंबर कुणी वापरलीसुद्धा नाही. मी काही बघितलेलं नाही."

"तू बघितलं नाहीस. पण त्यानं मोजलंय," साहेब म्हणाले. त्यांनी पेनानं चार लिहिले, खाली रेघ मारली, एकशेएक लिहिलं आणि सही केली. सही जरा वाकडी आली, पण ती झटक्यापासून तशीच येत होती.

प्रज्ञेश कार्ड घेऊन आत गेला. साहेब उठून गवतावरच्या काठ्यांपाशी आले.

"तीन नंबर मी ठेवली. सकाळी शेडच्या कोपऱ्यात दिसली. वाटलं, तू विसरलास. हल्ली तू विसरतोस, रखमा. कुणी तुला बोलू नये म्हणून गुपचूप घातली."

"आन् उलथनं हातात आल्यावर? तवा ध्यानात आलं न्हाई?"

"वाटलं, त्याच्या जागेसाठी वेज काढली असशील. ती गेलेली बघायला लागू नये म्हणून बॅगेत डोकावलो नाही दिवसभर."

रखमाजी पुसलेलीच काठी पुन्हा पुसत राहिला. "मलाबी ती काडवली न्हाई, साहेब."

खतीजाभाबी चहाचे पेले उचलायच्या निमित्तानं पाठमोरी झाली.

"फुडल्या महिन्याला पुन्यांदा बघू," रखमाजी म्हणाला. "सत्त्यान्नव हुते की."

"होते," साहेब म्हणाले. "पण लिहिलं एकशेएक."

"म्या बोललो नसतो तर."

"तर मी तुझ्या शब्दावर खोटी सही केली असती. आणि ते तुला एकट्यालाच माहीत असतं. कसा राहिला असतास रे?"

साहेबांची लेक अमृता गाडी घेऊन आली. बॅग आता शेडात नाही, डिकीत ठेवायची होती; ती रखमाजीनंच ठेवली. डिकी त्यानं दोनदा लावली. पहिल्यांदा नीट बसली नव्हती. साहेब म्हणाले, "घरी ये कधी. देहूरोडला. स्टेशनपासून जवळच आहे."

महिनाभरानं तो गेला. कामशेतहून लोकल धरून, धुतलेला सदरा घालून. साहेबांनी त्याला सोफ्यावर बसवलं आणि स्वतः समोरच्या खुर्चीत बसले. अमृतानं चहा दिला, पोहे दिले. तब्येत कशी, बरी. घरी कसं, बरं. हवा कशी, थंडी गेली. मग बोलणं आटलं. इतक्या वर्षांत ही दोन माणसं समोरासमोर अशी बसलेली नव्हती. एक पुढं, एक मागं, आणि दोघांचे डोळे लांबच्या चेंडूवर, असंच त्यांचं सगळं बोलणं झालेलं. एकमेकांच्या तोंडाकडं बघत काय बोलायचं हे दोघांनाही येईना. साहेब आपल्या गुडघ्याकडं बघत होते, रखमाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. कॅलेंडरावर त्यानं सगळे रविवार वाचून काढले.

"निघतो, साहेब."

"चल, कोपऱ्यापर्यंत येतो."

रस्त्यावर आल्यावर साहेब दोन पावलं पुढं झाले आणि रखमाजी आपसूक मागं राहिला. डेपोच्या भिंतीकडेची चिंच यंदा फार लागलीय, असं साहेब म्हणाले. रखमाजीनं सांगितलं, खतीजाभाबीची सून बाळंत झाली, पोरगी झाली, आणि प्रज्ञेश आता काठी नऊ वेळा हलवतो. साहेब हसले. बोलणं सुरळीत लागलं होतं, पण कोपरा आला. साहेबांचा पाय थकला होता. ते विजेच्या खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, इथून पुढं तूच जा.